तेलविहिरीतील सिमेंट आणि त्यात मिसळायची रसायने: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सांगली, मिरज, कराड, सातारा येथील महाविद्यालयांतून रसायनशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले-मुली अलीकडे तेल आणि वायू क्षेत्रातील सेवा कंपन्यांत रुजू होऊ लागली आहेत. कोणाची नेमणूक अंकलेश्वर किंवा मेहसाण्याला होते, कोणी बाडमेरला जाते, तर कोणी मुंबईहून समुद्रातील रिगवर, म्हणजे विहीर खणण्याच्या यंत्रणेवर. त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला सिमेंटिंगची प्रयोगशाळा किंवा प्रत्यक्ष सिमेंटिंगचे पथक येते, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर अशा शब्दांची रांग उभी राहते, ज्यांचा अभ्यासक्रमात उल्लेखही झालेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण असल्यामुळे सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत तेलविहिरी नाहीत. मात्र खोल विवर कसे खणतात याची कल्पना करायची असेल तर कोयनेच्या खोऱ्याकडे पाहावे. भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे 2016-17 मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल विवर घेण्यात आले, त्यात वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइटसारखा पायाखडक लागला, आणि या संशोधनाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. बऱ्याच तेलविहिरीही साधारण याच खोलीच्या असतात, काही उथळ तर काही याहून खोल. फरक असा की त्यांच्या खडकात दाबाखाली कोंडलेले तेल, वायू आणि खारे पाणी असते.

पहिली पायरी: सिमेंट तिथे कशासाठी जाते ते समजून घ्या

विहीर टप्प्याटप्प्याने खणतात. प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की विवरात लोखंडी नळ सोडतात, त्याला केसिंग म्हणतात. केसिंगची बाहेरची बाजू आणि खडकाची भिंत यांच्यामध्ये जी वर्तुळाकार फट राहते, ती ॲन्युलस. सिमेंटची स्लरी, म्हणजे सिमेंट आणि पाण्याचे पातळ मिश्रण, केसिंगच्या आतून खाली ढकलली जाते, तळाच्या शूमधून, म्हणजे नळाच्या टोकाच्या तोंडातून, बाहेर पडते आणि या फटीतून वर चढून तिथे घट्ट होते. तिने तिथे बसून एका थरातले पाणी किंवा वायू दुसऱ्या थरात जाऊ द्यायचा नसतो, केसिंगला आधार द्यायचा असतो आणि त्याला खाऱ्या पाण्यापासून व गंजापासून वाचवायचे असते. यांपैकी पहिले काम सर्वांत महत्त्वाचे, आणि पुढची जवळजवळ प्रत्येक चाचणी त्याच कामासाठी केली जाते.

ही रीत जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लोम्पॉक क्षेत्रात 1903 मध्ये विहिरीत शिरणारे पाणी अडवण्यासाठी पोर्टलँड सिमेंट वापरले गेले आणि 1910 च्या सुमारास स्लरीच्या पुढे व मागे एकेक प्लग, म्हणजे बूच, सोडण्याची पद्धत आली. ती दोन प्लगांची पद्धत आजही रोज वापरात आहे.

सिमेंटने आपले काम केले नाही तर काय होते, याचे उदाहरण या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीत स्फोट झाला आणि रिगवरील 11 कामगारांचा मृत्यू झाला. विहिरीच्या तळाशी नायट्रोजनने फेसाळलेले हलके सिमेंट घातले होते आणि त्याने तेल-वायूला अडवले नाही. आधी झालेल्या काही प्रयोगशाळा चाचण्यांत हा फेस अस्थिर दिसला होता, ही गोष्ट पुढे चौकशी आयोगाने समोर आणली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, तरी प्रयोगशाळेतल्या कागदावरील एका ओळीला किती वजन असते हे त्यातून कळते.

दुसरी पायरी: पोते ओळखा

घरबांधणीला आपण जे सिमेंट वापरतो ते विहिरीत चालत नाही, कारण त्याच्या रासायनिक घडणीत एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत बराच फरक पडू शकतो आणि तीन किलोमीटर खाली, तापलेल्या खडकात, दाबाखाली ते कसे वागेल याची हमी नसते. तेलविहिरीच्या सिमेंटसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे म्हणजे एपीआयचे 10ए हे मानक आणि आपल्याकडे आयएस 8229 हे भारतीय मानक आहे. वर्ग अनेक असले तरी तुमच्या हातात बहुतेक वेळा क्लास जी येईल, क्वचित क्लास एच.

क्लास जीचे वैशिष्ट्य असे की क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळताना त्यात कॅल्शियम सल्फेट आणि पाणी यांखेरीज जवळजवळ काही मिसळायची परवानगी नसते. त्यामुळे ते कोऱ्या पाटीसारखे असते, आणि हवे ते गुण आपण रसायने घालून आणतो. उच्च सल्फेटरोधक प्रकारात ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट जास्तीत जास्त 3 टक्के आणि ट्रायकॅल्शियम सिलिकेट 48 ते 65 टक्के असावे लागते. ॲल्युमिनेटवर एवढी मर्यादा असण्याचे कारण खाऱ्या भूजलातील सल्फेट आहे. ते या घटकाशी संयोग पावून फुगणारे पदार्थ तयार करते आणि घट्ट झालेले सिमेंट आतून फोडते.

साध्या क्लास जीमध्ये सिमेंटच्या वजनाच्या 44 टक्के पाणी घालतात आणि स्लरीची घनता 1.90 (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) येते. हा आकडा पाठ करा. क्लास एचला 38 टक्के पाणी लागते आणि घनता सुमारे 1.97 भरते.

तिसरी पायरी: विहिरीची माहिती पूर्ण मागून घ्या

रसायनांच्या डब्याला हात लावण्याआधी काही गोष्टी लेखी हातात असाव्यात: विवराचा आणि केसिंगचा व्यास, खोली, स्लरी कुठपर्यंत चढवायची, खणताना विवरात फिरवतात त्या ड्रिलिंगच्या चिखलाची घनता, खडक कोणत्या दाबाला फाटेल, वायूचा थर आहे का, आणि तापमान.

तापमान दोन प्रकारचे असते आणि नवखे नेमके इथेच गोंधळतात. विवर बराच काळ स्वस्थ राहिल्यावर तळाशी जे तापमान असते ते स्थिर तापमान. चिखल किंवा स्लरी फिरत असताना वरचे थंड द्रव खाली जाऊन तळ गार करते, तेव्हाचे तापमान ते अभिसरण तापमान, आणि ते स्थिर तापमानापेक्षा कमी असते. स्लरी किती वेळ पंप करता येईल हे अभिसरण तापमानावर ठरते, तर घट्ट झाल्यावर तिचे बळ किती राहील हे स्थिर तापमानावर. पहिल्या कामासाठी दुसऱ्याचा आकडा वापरला, तर रिटार्डर (घट्ट होणे लांबवणारे रसायन) गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडते आणि स्लरी तासन्तास कच्ची राहते. उलट अभिसरण तापमान खऱ्यापेक्षा कमी धरले गेले तर त्याहून वाईट: स्लरी केसिंगमध्येच अडकते.

पाण्याचीही चौकशी करा. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतल्या बोअरचे पाणी ज्यांनी चाखले आहे त्यांना, पाणी म्हणजे नेहमी निव्वळ पाणी नसते, हे सांगावे लागणार नाही. त्यातले क्लोराइड सिमेंटला घाई करवते, तर कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क उतरलेले पाणी त्याला रेंगाळायला लावते. म्हणून चाचणीसाठी रिगच्या टाकीतलेच पाणी मागवावे. नळाच्या पाण्यावर केलेली चाचणी त्या विहिरीची चाचणी ठरत नाही.

चौथी पायरी: हिशेब कागदावर करा

संगणक हिशेब करून देतो, तरीही सुरुवातीला तो हाताने करावा, म्हणजे संगणकाने चुकीचे उत्तर दिले तर ते डोळ्याला खटकते. समजा, सव्वाबारा इंची विवरात 1500 मीटर खोलीपर्यंत नऊ पूर्णांक पाच अष्टमांश इंची केसिंग सोडले आहे आणि तळापासून 500 मीटर सिमेंट चढवायचे आहे. विवराचा व्यास 311.15 मिलिमीटर, केसिंगचा बाहेरचा 244.5 मिलिमीटर. दोन्ही व्यासांच्या वर्गांतील फरकाला 0.7854 ने गुणले की दर मीटरला सुमारे 29.1 लिटर फट येते. 500 मीटरला 14.55 घनमीटर. विवराची भिंत कुठे ना कुठे ढासळलेली असतेच, म्हणून 30 टक्के जादा धरले तर 18.9 घनमीटर. शूच्या वर 24 मीटरवर फ्लोट कॉलर (द्रव परत येऊ न देणारी झडप असलेला तुकडा) असेल आणि केसिंगच्या आत दर मीटरला 38.2 लिटर मावत असतील, तर तिथे राहणारी स्लरी 0.9 घनमीटर. एकूण 19.8 घनमीटर.

44 टक्के पाण्याच्या क्लास जीमध्ये एक टन सिमेंटपासून 0.7575 घनमीटर स्लरी मिळते, म्हणून सिमेंट लागेल सुमारे 26.1 टन आणि पाणी साडेअकरा घनमीटर. येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्या: या व्यवसायात रसायनांची टक्केवारी सिमेंटच्या वजनावर धरतात, पाण्याच्या किंवा स्लरीच्या नव्हे. 0.3 टक्के रिटार्डर म्हणजे 26.1 टनांना 78 किलो. मिठाचे प्रमाण मात्र पुष्कळदा पाण्याच्या वजनावर सांगतात, म्हणून मिठाची टक्केवारी ऐकली की ती कशावरची हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता वेळ. स्लरी मिनिटाला 0.8 घनमीटर या वेगाने मिसळून सोडायला 25 मिनिटे, प्लग सोडायला 10 मिनिटे, मागून सुमारे 56 घनमीटर द्रव 1.2 च्या वेगाने ढकलायला 47 मिनिटे: मिळून 82 मिनिटे. पंप बंद पडणे, नळी बदलणे यासाठी वर तास-दीड तास ठेवायचा. म्हणजे ही स्लरी साधारण अडीच ते तीन तास पातळ राहायला हवी. नुसत्या क्लास जीला मानकाप्रमाणे 52 अंश सेल्सिअसवर दाबाखाली घट्ट व्हायला 90 ते 120 मिनिटे लागतात. ही तूट भरून काढण्यापासून रसायनांचे काम सुरू होते.

पाचवी पायरी: रसायनांची कुळे एकेक करून शिका

रिटार्डर. घट्ट होणे लांबवणारे हे रसायन. लिग्नोसल्फोनेट हे सर्वांत रुळलेले. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातून येते आणि साधारण 0.1 ते 1.5 टक्के वापरतात. तापमान वाढले की ग्लुकोनेट, सायट्रिक किंवा टार्टारिक आम्लाची कुळे आणि फॉस्फोनेटे येतात. आपल्या सांगलीच्या उसाच्या मुलखात गवंडीसुद्धा जाणतात की सिमेंटला साखर लागली तर ते धरत नाही. त्यामागचे रसायन हेच आहे: साखरेचे रेणू सिमेंटच्या कणांवर आणि नव्याने तयार होणाऱ्या स्फटिकांवर चिकटून पुढची वाढ रोखतात. सिमेंटच्या 0.05 टक्के साखरेनेही घट्ट होणे काही तास लांबते आणि टक्काभर साखर पडली तर ते जवळजवळ थांबतेच. एवढ्या थोड्या फरकाने एवढा परिणाम होत असल्यामुळे विहिरीत मुद्दाम साखर घालत नाहीत. रिगवर मात्र साखरेची पोती ठेवलेली असतात: वर परत आलेली जादा स्लरी टाकीत किंवा नळीत दगड होऊ नये म्हणून त्यात साखर ओततात. ही पोती रसायनांच्या पोत्यांपासून लांब आणि ठळक खूण करून ठेवावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ॲक्सिलरेटर. उथळ आणि थंड विवरात, जमिनीलगतच्या केसिंगसाठी घाई करवणारे रसायन लागते. कॅल्शियम क्लोराइड 2 टक्के हे नेहमीचे प्रमाण; 4 टक्क्यांपलीकडे सहसा जात नाहीत. मिठाचा स्वभाव वेगळा आहे. पाण्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत ते घाई करवते, त्यापुढे बराच काळ तटस्थ राहते आणि 20 टक्क्यांच्या आसपास गेल्यावर उलट उशीर लावते.

फ्लुइड लॉस रोखणारी रसायने. स्लरी झिरपणाऱ्या वालुकाश्मासमोरून जाताना दाबाखाली तिच्यातले पाणी खडकात निघून जाते आणि मागे घट्ट लगदा उरतो. साध्या क्लास जीमधून प्रमाणित चाचणीत अर्ध्या तासात 1000 मिलिलिटरहून अधिक पाणी निघते. साध्या केसिंगला हा आकडा 200 ते 300 पर्यंत, लायनरसाठी (वरच्या केसिंगच्या आत टांगलेल्या आखूड नळासाठी) 100 च्या आत आणि वायूचा थर असेल तर 50 च्या आत आणण्याचा प्रयत्न करतात. यासाठी हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा एएमपीएस नावाच्या रसायनावर आधारित कृत्रिम पॉलिमर वापरतात. सेल्युलोजची रसायने स्लरी दाट करतात आणि उशीरही लावतात, त्यामुळे ती घातल्यावर रिटार्डरचे प्रमाण पुन्हा तपासावेच लागते.

डिस्पर्संट. सिमेंटच्या कणांना एकसारखा विद्युतभार देऊन एकमेकांपासून दूर ठेवणारे, म्हणजे स्लरी पातळ करणारे रसायन. पॉलिनॅफ्थलीन सल्फोनेट हे नेहमीचे. फार पडले तर कण तळाशी बसू लागतात आणि वर पाणी सुटते. नवख्यांना हे रसायन फार आवडते, कारण मिक्सरमध्ये स्लरी छान दिसते. त्या दिसण्यावर विश्वास ठेवू नये.

हलके आणि जड करणारे पदार्थ. खडक नाजूक असेल तर 1.90 ची स्लरी त्याला फाडते. बेंटोनाइट घातला की दर टक्क्यामागे सिमेंटच्या वजनाच्या 5.3 टक्के जास्त पाणी पेलता येते. 8 टक्के बेंटोनाइटने पाणी सुमारे 86 टक्क्यांवर आणि घनता 1.60 वर येते. पाण्यात आधी भिजवून ठेवलेला एक टक्का बेंटोनाइट कोरड्या चार टक्क्यांचे काम करतो. याशिवाय सोडियम सिलिकेट, औष्णिक वीज केंद्रांची राख आणि पोकळ सूक्ष्म गोळ्या आहेत. उच्च दाबाच्या विहिरीला उलट वजन हवे असते, तिथे बॅराइट किंवा हेमाटाइट घालतात. हेमाटाइटची घनता सुमारे 4.95 असल्यामुळे तो थोडा घातला तरी पुरतो.

सिलिका. स्थिर तापमान 110 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर सिमेंटच्या वजनाच्या 35 ते 40 टक्के सिलिका पीठ घालणे अनिवार्य समजावे. त्याशिवाय घट्ट झालेले सिमेंट सुरुवातीला उत्तम बळ दाखवते, पण पुढील दिवसांत त्यातली खनिजे बदलतात, ते सच्छिद्र होते आणि बळ घसरत जाते. चोवीस तासांच्या चाचणीत हा दोष दिसेलच असे नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा.

उरलेली कुळे थोडक्यात सांगतो. फेस मोडणारा अँटीफोम जवळपास प्रत्येक स्लरीत असतो, कारण हवा शिरली की घनतेचे माप खोटे येते. फटींच्या खडकात स्लरी हरवू नये म्हणून तंतू किंवा गिल्सोनाइटचे दाणे घालतात. वायू वर चढू नये म्हणून लेटेक्स वापरतात.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत ज्याचे काम त्याच्याच नमुन्यावर चाचणी

चाचणीची रीत एपीआयच्या 10बी-2 या शिफारशीत दिलेली आहे आणि ती मिनिटांत नव्हे, सेकंदांत बांधलेली आहे. 600 मिलिलिटर साध्या स्लरीसाठी 792 ग्रॅम सिमेंट आणि 349 ग्रॅम पाणी तोलतात. मिक्सर मिनिटाला 4000 फेऱ्यांवर फिरत असताना सगळे सिमेंट 15 सेकंदांच्या आत एकसारखे ओतायचे, झाकण लावायचे आणि 12000 फेऱ्यांवर 35 सेकंद फिरवायचे. सिमेंट ओतताना हात थबकला, गोळा पडला किंवा पाते झिजलेले असले तर स्लरीला मिळणारी ऊर्जा बदलते आणि तिच्याबरोबर घट्ट होण्याची वेळही बदलते. म्हणून नव्या माणसाने आधी रसायनांशिवायच्या साध्या स्लरीवर हात बसवावा, आणि एकाच पोत्यातून केलेल्या चाचण्यांचे आकडे जवळजवळ येऊ लागले की मग खऱ्या विहिरीचे काम हातात घ्यावे.

नंतर ती स्लरी उच्च दाबाच्या कन्सिस्टोमीटरच्या कपात भरतात. कप मिनिटाला 150 फेऱ्यांनी फिरतो, आतले पॅडल स्थिर राहते आणि स्लरी दाट होईल तसा त्यावर पडणारा पीळ बिअर्डन एककांत मोजला जातो. विहिरीत स्लरी तळाला पोहोचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्याच वेळात तापमान आणि दाब चढवायचा असतो. आलेख वाचायला शिका. चांगल्या स्लरीची रेषा दीर्घकाळ 10 ते 20 एककांच्या आसपास सपाट चालते आणि मग थोड्याच मिनिटांत जवळजवळ उभी चढते. 70 एककांना स्लरी पंप करण्यापलीकडे गेली असे मानतात, 100 ला चाचणी संपते. रेषा मध्येच फुगून पुन्हा खाली बसली, किंवा तासभर हळूहळू चढत राहिली, तर एकूण वेळ पुरेसा दिसला तरी ती स्लरी मंजूर करू नये. कारण त्या फुगवट्याच्या क्षणी पंप थांबला तर विहिरीत ती जेलसारखी धरून बसेल.

फ्लुइड लॉस मोजताना 325 मेशची जाळी आणि 1000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाचा फरक अर्धा तास ठेवतात आणि आलेले पाणी दुप्पट करून लिहितात. पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपून वायू फुटला, तर त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागून 5.477 ने गुणायचे आणि मग दुप्पट करायचे. सुटणारे पाणी 250 मिलिलिटरच्या नळीत दोन तास ठेवून पाहतात. विहीर तिरकी असेल तर नळीही तिरकी ठेवावी, कारण तिरप्या भिंतीच्या वरच्या कडेने पाण्याची वाट सहज तयार होते. बळ पाहण्यासाठी दोन इंची ठोकळे फोडतात किंवा ध्वनिलहरींच्या उपकरणात नमुना ठेवून बळ कसे चढते ते तासागणिक पाहतात.

या सगळ्यावर माझे ठाम मत असे आहे: सिमेंट, पाणी आणि रसायने ही तिन्ही ज्या खेपेतून विहिरीत जाणार आहेत त्याच खेपेतली असल्याशिवाय अहवालावर सही करू नये. शेजारच्या विहिरीला चाललेले प्रमाण आरंभ म्हणून घ्यायला हरकत नाही. पण सिमेंटची गिरणी तीच असली तरी खेप बदलली की रिटार्डरला ते वेगळा प्रतिसाद देऊ शकते, आणि लिग्नोसल्फोनेट लाकडापासून येत असल्याने त्याच्याही खेपा एकसारख्या नसतात. तापमानाचा अंदाज चुकू शकतो हे धरून, ठरवलेल्या तापमानाच्या 5 अंश वर आणि 5 अंश खाली अशा आणखी दोन चाचण्या कराव्यात. एवढ्या फरकाने वेळ अर्ध्यावर येत असेल तर ते रिटार्डर बदलावे.

कामावर स्वतःची काळजीही यातच येते. सिलिका पिठाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस बरा होत नाही, म्हणून साधा रुमाल न बांधता योग्य दर्जाचा श्वसनमुखवटा वापरावा. ओली स्लरी तीव्र अल्कधर्मी असते. ती बुटात शिरली तर लगेच जाणवत नाही आणि संध्याकाळपर्यंत कातडी भाजलेली असते. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकताना ते पाणी तापवते, हेही लक्षात असू द्या.

सातवी पायरी: रिगवर

कोरडी रसायने सिमेंटमध्ये आधीच मिसळून आणली असतील, तर सायलोतून सायलोत फिरवताना नमुने घेतले का ते विचारा, आणि जड हेमाटाइट एकीकडे व हलकी राख दुसरीकडे गेलेली नाही याची खात्री करा. द्रव रसायने पाण्यात घालणार असाल तर प्रयोगशाळेत ज्या क्रमाने घातली त्याच क्रमाने घाला. बहुधा अँटीफोम पहिला. टाकीत ढवळणे थांबवू नका.

स्लरी सोडण्याआधी स्पेसर जातो. तेलयुक्त किंवा पॉलिमरयुक्त चिखल आणि सिमेंट एकमेकांना भिडले तर दोघांचा मिळून दह्याच्या गोळ्यासारखा गठ्ठा बनतो, म्हणून त्यांच्यामध्ये दोघांशी जुळणारे द्रव ठेवायचे असते. ते जुळते की नाही याची चाचणीही प्रयोगशाळेत, खऱ्या चिखलाचा नमुना घेऊनच व्हायला हवी. केसिंग विवराच्या मधोमध राहण्यासाठी सेंट्रलायझर बसवलेले असतात. ते कमी पडले तर स्लरी रुंद बाजूने धावत वर जाते आणि अरुंद बाजूला चिखल तसाच राहतो. उत्तम रसायनेसुद्धा ही उणीव भरून काढू शकत नाहीत.

स्लरी चालू असताना तुमची जागा दाबाखालच्या मड बॅलन्सपाशी, म्हणजे घनता मोजणाऱ्या तराजूपाशी, आहे. घनता 1.90 हवी आणि 1.84 येत असेल तर पाणी जास्त झाले आहे. त्या स्लरीत रिटार्डर, फ्लुइड लॉस, बळ या सगळ्यांचे आकडे बदललेले आहेत, आणि प्रयोगशाळेचा अहवाल त्या भागाला लागू राहिलेला नाही. दर काही मिनिटांनी आकडा वेळेसह लिहा आणि मोठ्याने सांगा. स्लरीचे नमुने पेल्यात भरून त्यावर वेळ टाकून ठेवा.

आठवी पायरी: नंतर

टॉप प्लग फ्लोट कॉलरवर जाऊन बसला की पंपावर दाब एकदम चढतो, त्याला बंप म्हणतात. दाब सोडून दिल्यावर द्रव परत येत नसेल तर झडपा धरल्या आहेत. यापुढे सिमेंट घट्ट होण्याची वाट पाहायची असते. पुढचे विवर खणण्याआधी साधारण 500 पीएसआय बळ यावे असा प्रघात आहे, आणि ते किती तासांत येईल हे ध्वनिलहरींच्या चाचणीवरून आधीच सांगता आले पाहिजे. पेल्यातला नमुना कडक झाला म्हणजे खालचेही झाले असे समजू नये. वरची हवा आणि खालचा खडक यांचे तापमान निराळे असते. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडते, त्यामुळे योग्य वेळी तापमानाची नोंद घेतली तर ते किती उंच चढले हे कळते. केसिंगला ते किती चिकटले हे सिमेंट बाँड लॉगवरून, म्हणजे विहिरीत ध्वनिलहरी सोडून घेतलेल्या नोंदीवरून, दिसते, आणि शू फोडून थोडे पुढे खणल्यावर दाब देऊन तळाची घट्ट बसण कळते.

लॉग हाती आला की तो प्रयोगशाळेत मागवून घ्या आणि आपला अहवाल, घनतेच्या नोंदी व पंपाचा आलेख शेजारी ठेवून वाचा. ज्या खोलीवर बाँड कमजोर दिसतो ती स्लरी किती वाजता मिसळली गेली होती हे घनतेच्या नोंदींवरून काढता येते. सिमेंट, पाणी आणि प्रत्येक रसायनाचा नमुना खेप क्रमांकासह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि विहिरीचा तो टप्पा पूर्णपणे तपासून होईपर्यंत फेकू नये.